आजीच्या झंपराची बाही

अमरावती, पौषातला मंगळवार

वहीत तारीख टाकली ना, सूनबाई? का कालच्यासारखी विसरली? मले वाचता येत नाही, म्हणून चालून जाते तुहं.

आज नात पल्लवी अकोल्याहून आली होती. तिले लग्नाच्या ब्लाऊजले माह्या आजीच्या झंपराची फुग्याची बाही पाहिजे. आजीनं ती सोताच्या डोक्यानं बेतली होती. मोर्शीच्या बाया पाहायले येत. पण आजीच्या एकुलत्या फोटोत दिसते काय? पदर! फोटो काढतानी आजोबा म्हणाले होते म्हणे, "दोन्ही खांदे झाक." झाकले बिचारीनं.

"आजी, खांद्यावर चुण्या होत्या की घड्या?" पल्लवीनं विचारलं. आठवलंच नाही. ती बाही पाह्यलेली आता मी एकटीच उरली, अन् मलेच सांगता आलं नाही. पोरगी हिरमुसून गेली.

ती गेल्यावर आठवलं, तेही एवढंच. दंडाशी आवळलेल्या त्या फुग्यात आजी माह्यासाठी शेंगदाण्याचा लाडू लपवे. मी हात घालून काढो. डोळे विसरले, पण लाडवाचं माप हाताले ठाऊक आहे.

सूनबाई, उद्या शेंगदाणे भाज. लाडू मीच वळीन. ते पल्लवीले पाठव, अन् सांग, एक लाडू मावन एवढी बाही फुगव.