पुलाच्या फळ्या

३ जून १७८०
दादा जाऊन सात आठवडे झाले. त्याची, कॅप्टन गेरिटची, कंपनी तात्पुरती माझ्याकडे. दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला आपल्या तेरा वसाहतींची फौज, मध्ये हा पूल आणि आम्ही एकवीस जण. कर्नलसाहेबांचा लेखी हुकूम आला: रोज सूर्यास्तापूर्वी पुलाच्या फळ्या काढणे, पासाशिवाय कोणासही न सोडणे. दादा हुकूम खिशात कोंबायचा. मी झाडाला ठोकला. महिनाअखेर कंपनी मतं देऊन कॅप्टन निवडेल. माझ्याशिवाय आहे कोण?

५ जून
सार्जंट योस्टने हुकमाच्या कागदात खारवलेलं डुकराचं मांस बांधून नेलं. वर म्हणतो, "पाठ झालाय, मास्तर." शाळा बंद करून चार वर्षं झाली. मी लेफ्टनंट आहे. यापुढे चिडायचं नाही. नवी प्रत काढली, मोठ्या अक्षरात.

९ जून, सकाळ
आल्टये वहिनी पलीकडच्या कुरणात धारा काढायला निघाल्या. पास नाही. "भावजी, पास देणारे तुम्हीच ना? मग द्या." अर्ज लागेल म्हटलं. दादाची विधवा म्हणून सूट दिली तर शिस्त कसली? त्या चरवी माझ्या पायाशी आपटून परत गेल्या. अर्ज आला नाही. दुपारी जेवणाचं बोलावणंही नाही. असली माणसं घेऊन स्वातंत्र्य मिळवायचं आहे.

१४ जून, संध्याकाळ
पुन्हा चिडलो. सगळ्यांच्या गाई अजून कुरणात होत्या. योस्ट म्हणाला, "अर्धा तास थांबा, गेरिट थांबायचा." थांबायचा. म्हणूनच पुलावर गोळी लागली त्याला. हे यांना कोण सांगणार? फळ्या वेळेवर काढल्या. गाई काठाशी येऊन हंबरत राहिल्या.

१५ जून
इंग्रजांनी सगळ्या गाई हाकून नेल्या. एकोणीस. त्यात वहिनींच्या चार. पूल शाबूत. कर्नलसाहेबांना तसं कळवलं.

१७ जून
पहाऱ्यावर कोणी माझ्याशी बोलत नाही. शिस्त सुधारली आहे.

३० जून, दुपार
मतमोजणी. गेरिट पंधरा. योस्ट सहा. मला एकही नाही. मेलेल्या माणसाला कॅप्टन होता येत नाही, असं कारकुनाने दोनदा समजावलं. तेव्हा कॅप्टन योस्ट.

योस्ट नंतर जवळ आला, हळूच म्हणाला, "निदान स्वतःला तरी द्यायचं होतंत, मास्तर."

चिठ्ठीवर मी माझंच नाव लिहिणार होतो. पण दादाचंच लिहिलं गेलं.