सलोनीच्या टाकीत तांब्याची कळशी

१४ फेब्रुवारी
आजपासून माशांच्या टाकीचा चार्ज माझ्याकडे. सलोनी सकाळच्या एसटीने रत्नागिरीला गेली. परीक्षा आटोपून शिमग्याला येईल आणि क्लाउनफिशची जोडी कॉलेजला घेऊन जाईल. तिच्या प्रोजेक्टला तीच जोडी हवी. दहावीपासून वाढवलीय तिने. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. मादी मोठी, नर लहान. ॲनिमोन म्हणून एक फुलासारखा हलणारा प्राणी आहे टाकीत, त्याच्या कुशीत दोघं दिवसभर लोळतात. लवकरच पहिली अंडी घालतील म्हणे.
जाताना पोरीची सूचना: बाबा, फक्त खाणा घाला, बाकी कशाक हात लावू नकात.
ओरोसला मी अख्खं ऑफिस चालवलं. टाकी म्हणजे काय, खाऱ्या पाण्यातलं ऑफिसच. इथला स्टाफ निदान उलट बोलत नाही.

१७ फेब्रुवारी
गोव्याला लग्नाला गेलो होतो. येताना एक निळा मासा आणला. सलोनीला सरप्राइज. दुकानदार म्हणाला, नवा मासा महिनाभर वेगळा ठेवा. सलोनीही मागे असंच काहीतरी बडबडत होती. घरात पाहुणा आला की त्याला महिनाभर गोठ्यात बांधतो का आपण? थेट टाकीत सोडला.
छान रमला. सारखा खडकाला अंग घासून खेळतो.

२३ फेब्रुवारी
सगळ्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके. मादीवर जास्त. विनीताने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, रवो लागलो आसा, आता तव्यार घालूचेच रवले. माझ्या बायकोची विनोदबुद्धी ही अशी.
माझं निदान: पहाटेच्या गारठ्याने अंगावर काटा आलाय. आपोआप जाईल. घाई करणारा माणूस मी नव्हे.

२५ फेब्रुवारी
काटा नव्हे, किडे. इंटरनेटवर वाचलं. अंगात शिरून रक्त पितात वगैरे. आले कुठून? विनीताने हात न धुता झाकण उघडलं असणार, दुसरं काय. तिला समज दिली. ती रडली. पण शिस्त म्हणजे शिस्त.
संध्याकाळी सलोनीचा फोन. जनरल नॉलेज म्हणून विचारलं, असे ठिपके आले तर काय करतात ग? तिने लेक्चरच दिलं. सगळे मासे काढून वेगळ्या टबात ठेवायचे. तांब्याचं औषध त्या टबातच द्यायचं, तेही मोजून. मोठी टाकी कित्येक आठवडे माशांशिवाय ठेवायची म्हणजे किडे उपाशी मरतात. मोठ्या टाकीत मात्र तांबं चुकूनही नाही. कोळंबी, ॲनिमोन, प्रवाळ, सगळं मरतं. मग अचानक म्हणाली, बाबा, काय झालाहा काय? म्हटलं, छे, मासे मजेत. जुना व्हिडिओ पाठवला. परीक्षेच्या दिवसांत मुलीला टेन्शन देणं बापाला शोभत नाही.

२६ फेब्रुवारी
विचार केला. निष्कर्ष: तांबं हवंच. टब नको. आजारी जिवाला घराबाहेर काढणं माणुसकीला धरून नाही. धोका आहे तो केमिकलवाल्या तांब्यात. आपलं देवघरातलं तांबं नैसर्गिक. आजोबा आयुष्यभर तांब्याच्या कळशीतलं पाणी प्याले. गेले, पण वयाने गेले.
कळशी, ताम्हण आणि पळी-पंचपात्र लिंबू लावून लख्ख घासलं आणि टाकीत मांडलं. देखावा सुंदर. विनीताने विचारलं, देवाची भांडी खंय गेली? म्हटलं, ड्यूटीवर आहेत.

१ मार्च
लाल कोळंबी उताणी पडली. विश्रांती घेत असावी.
दुपारी: विश्रांती नव्हती. गोगलगाईही काचेवरून एकेक सुटून खाली पडल्या. म्हणजे औषध लागू पडतंय. आधी दुबळे जातात, हे ऑफिसातही पाहिलंय. कोळंबी मांजरीला दिली. ही मांजरही सलोनीचीच. खूश झाली. आता मी टाकीपाशी गेलो की पाठोपाठ येते. तिला माझी किंमत कळलीय.

४ मार्च
ॲनिमोन आक्रसून लिबलिबीत झाला. हॉलभर वास. विनीताने नाकाला पदर लावून जेवण वाढलं. नाटकी बाई.
ॲनिमोन होता तिथेच जोडी अजून उभी असते. जागा सोडायला तयार नाही. सवयीचे गुलाम.
शेजारचा बाबू आला. माझा शाळासोबती, पण वाढ तिथेच खुंटली. म्हणाला, अरे मेल्या, समुद्र दारात आसा, तो घरात कित्याक कोंडून ठेवलंस? मग विनीताच्या आग्रहावरून त्यानेच टाकीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जिवांवांगडा जो कोण वाकडो वागलो आसात, तेका सरळ वाटेर हाड रे म्हाराजा! विनीता माझ्याकडे बघून मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. टोपी तेवढी घातली होती.

६ मार्च
नवा उपाय. गोड्या पाण्यात मासा काही मिनिटं बुडवला की किडे फुटून मरतात. वाचलं त्यात लिहिलं होतं, माशावरून नजर हलवू नका. मादी चहाच्या गाळणीने धरली आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत सोडली. तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे बाबू दिसला. त्याला पद्धत समजावून सांगितली. त्याला शंका फार. त्यावरून गोष्ट ग्रामपंचायतीवर गेली.
परत आलो तर मादी पालथी. किडा मात्र एकही जिवंत नसणार. म्हणजे उपचार यशस्वी म्हणायला हरकत नाही.
मांजरीपुढे टाकली. तिने हुंगली आणि निघून गेली. विनीता म्हणाली, आमच्या चेडवाचो जीव होतो गो बाय तुझ्यात. मासळीला गो बाय! तिला विचारलं, मी बाहेर होतो तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं? ती बादली उचलून आत गेली. नेहमीचंच.

९ मार्च
नर गेला. खाणंच सोडलं होतं. मनाने कच्चा.
निळा ठणठणीत आहे. माझी निवड.
गोव्याच्या दुकानात फोन केला. नारिंगी जोडी आहे का? सगळे सारखेच दिसतात, सलोनीला काय कळणार. स्टॉक नाही म्हणाला. हल्ली धंद्याची कळकळ कोणाला राहिलेली नाही.

१३ मार्च
होळी. सलोनी दुपारी आली. अंडी घातली तर म्हणून जाळीचा नवा डबा घेऊन आली होती. मी भांडी आधीच देवघरात परत नेली होती आणि टाकीचा लाइट लावून ठेवला होता. पोरगी पाठीवरची बॅग न उतरवता टाकीसमोर उभी राहिली. मी सगळं समजावलं. अचानक साथ आली, मी एकट्याने झुंज दिली, घरातून सहकार्य शून्य.
तिने एवढंच विचारलं: बाबा, हा निळा कधी आणलात?
म्हटलं, सरप्राइज.
एरवी माझ्याशी मालवणीत भांडते. आज परक्या माणसाशी बोलावं तसं शुद्ध बोलली आणि आत गेली. मला बरं वाटेना. बीपीची गोळी राहिली असेल.

१५ मार्च
सलोनीने कट्टा गावच्या बाजारातून टब आणला. मागच्या पडवीत निळ्याला त्यात ठेवून औषध देते. शेजारी पाटावर बसून असते. जेवणही तिथेच. विनीता म्हणाली, ह्या मेल्यानच रोग हाडल्यान, तेका कित्याक वाचवतंस? सलोनी म्हणाली, तेचो काय दोष? तो काय आपणहून इलो?
मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

१९ मार्च
सलोनी गेली. निळा झाकणाच्या बादलीत, बादली मांडीवर. एसटी सुटेपर्यंत खिडकीतून हात हलवत होती, आईला.
घरी आलो तर मांजर दिसेना. सलोनी सकाळीच तिला टोपलीत घालून बाबूकडे ठेवून गेली म्हणे. का, म्हणून विचारलं. विनीता भांडी लावत होती. म्हणाली, बाबांकडे नको, असा सांगल्यान.
मांजर सांभाळायला काय अक्कल लागते? संध्याकाळी गडग्यापाशी जाऊन हाक मारली. पलीकडे बाबूच्या पायरीवरच बसली होती. पुन्हा मारली. आली नाही.