नव्या कॉम्प्युटरवरचा ट्रक

उस्ताद, तुमच्या ट्रकवर मी क्लीनर होतो आणि स्टिअरिंग तुम्हीच माझ्या हातात दिलंत, म्हणून हे तुम्हाला लिहितोय. माझी शाळा सातवीलाच सुटली, तेव्हा अक्षराकडे बघू नका. आता सत्तरी उलटली, तरी घरची जीप मीच चालवतो. दर सोमवारी बायकोला कडेगावहून सांगलीच्या दवाखान्यात नेतो. मुलगा म्हणतो, आबा, आता पुरे, ड्रायव्हर ठेवू. ते ऐकलं की माझं जेवणातलं लक्ष उडतं. गाडी सोडली तर मी या घरात कशाला उरलो, असं वाटतं.

नातीनं मला कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ दाखवला. टेबलाला स्टिअरिंग लावायचं, पायाशी ब्रेक. घरातला कॉम्प्युटर जुना, पार थकलेला. मी स्टिअरिंग फिरवायचो आणि ट्रक विचार करून मग वळायचा. चित्र अडकायचं, तोवर मी कुणाला तरी धडकलेलो असायचो. मुलगा दारातून बघायचा. यंत्रच मठ्ठ आहे, असं मी मोठ्यानं म्हणायचो. नातही म्हणायची, ह्याला झेपत न्हाई आबा. मग मला बरं वाटायचं.

ती लग्नांचे व्हिडिओ जोडायचं काम करते. गेल्या महिन्यात तिनं गेमिंगचा नवा कॉम्प्युटर आणला. काळी पेटी, एका बाजूला काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे. नवी गाडी आली की तुम्ही काय करायचात ते मला पाठ आहे. ती वायरी जोडतेय तोवर मी पेटीखाली लिंबू ठेवलं, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मूठभर उदबत्त्या ओवाळायला लागलो. ती धावत आली. “आवं आबा, आत पंखं हायत, समदा धूर वडून घेत्याल. आन् ही काय फलटणला ऊस वाहनार हाय व्हय?” लिंबू मात्र तिनं राहू दिलं.

मग ती चहा टाकायला गेली आणि मी बसलो. काय सांगू, हात हलला की त्याच क्षणी ट्रक वळतो. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसतो. पहिल्याच चौकात डावीकडून मोटारसायकलवाला आला आणि माझ्या चाकाखाली गेला. पुन्हा सुरू केलं. तो तिथूनच येणार हे ठाऊक होतं, तरी दिसला नाही. तिसऱ्यांदाही नाही. मला कराडचा नाका आठवला. मी बैलगाडीला घासलं होतं आणि ब्रेक लागला नाही म्हणालो होतो. तुम्ही खाली उतरून ब्रेक तपासलात, पुन्हा मलाच चालवायला दिलंत आणि सातारा येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मी खुर्चीत बसून होतो. जीपमध्ये बायको माझ्या डाव्या हाताला बसते.

नातीनं चहा ठेवला आणि कसा पळतोय विचारलं. लय झ्याक, म्हणालो.

संध्याकाळी मुलाच्या हातात जीपची किल्ली दिली. गुडघा धरलाय, क्लच दाबवत नाही, असं सांगितलं. त्यानं किल्ली खिशात टाकली. आता रोज कामावरून आला की तेल कोमट करतो, खाली बसतो आणि माझा गुडघा चोळतो. मीही मधूनमधून कण्हतो. गुडघा ठणठणीत आहे, उस्ताद. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहवलं.