मांडवाला नेलेले चार खांब

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.२०

शेजारच्या नानांच्या जुन्या पिलबागेत, म्हणजे तोडलेल्या केळीच्या पिलांवर वाढवलेल्या बागेत, विळा घेऊन उभा होतो. मामाच्या सुनीच्या लग्नात मांडवाच्या दाराला लावायला केळीचे चार खांब हवेत. मामाची स्वतःची बाग आहे, बाराशे झाडं, पण पहिल्या बागेला पहिला घड उतरेपर्यंत विळा लावायचा नाही, असं मामी म्हणते. म्हणून भाच्याने यावलहून न्यायचे. नाना म्हणाले, "घे पाहिजे तेवढे. मी तर तोडणारच आहे ही बाग."

दोन खांब चांगले मिळाले. बाकी सगळे बारीक. जाड दोन होते, पण त्यांना कंबरेच्या उंचीवर टाचणीएवढी भोकं आणि त्यातून डिंकासारखा चीक आलेला. सोंड्या किड्याचं काम. केळीच्या शेडवर घडांचं वजन लिहितो, रोज शेतकऱ्यांची बोलणी ऐकतो, मला न कळायला काय झालं?

पिकअपवाला हॉर्न वाजवत होता. मामीचा दोनदा फोन, "जाड आन रे, सासरनी माणसं देखतीन." ओल्या फडक्याने चीक पुसला. पुसल्यावर काही दिसत नव्हतं. घेतले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लग्न लागलं. भोकांची बाजू भिंतीकडे करून खांब मीच बांधले. फोटोत छान दिसतात.

जेवणाच्या पंगतीत मामाच्या शेजारचे जगन आप्पा मोठ्याने म्हणाले, "भाचा खांब लई उना, आते बायको कवय लयस?" माझ्या लग्नावरच्या थट्टेला सगळे हसले. मी पण.

दुपारी मामाने बाग दाखवली. धुळ्याकडे पांझरेच्या या काठाला केळी पहिल्यांदाच. टिश्यूची रोपं, ठिबक, चारी बाजूंनी वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी. बऱ्याच झाडांनी निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला, सुरुवात केली आहे. मामा प्रत्येक झाडाला हात लावून पुढे जातो, वर्गात मास्तर मुलं मोजतात तसा. म्हणाला, "गाव हासत होतं. धुयाना उन्हमा केय? आते बठ्ठा ईसन देखतस."

संध्याकाळी मांडववाला विचारत होता, हे खांब कुठे टाकू? मी म्हणालो, बागेच्या बांधावर टाका, कुजून खत होईल.

हे वाक्य माझंच. दुसऱ्या कोणाचं नाही.

२ मार्च

नानांची पिलबाग तोडायला घेतली. एक खोड उभं चिरलं तर आत बोगदे, पांढऱ्या अळ्या, आणि काळे सोंड्ये आठ. हातात घेतला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. नाना म्हणाले, पडलेल्या खोडात हा महिनोन् महिने राहतो, आणि वास आला की उभ्या झाडाकडे निघतो.

मामाला फोन करायला हवा. खांब जाळा एवढंच सांगायचं. कारण विचारलं तर?

नाही केला.

५ मार्च

फोन केला. सुनी सासरी रुळली का, पाणी किती आहे, हे बोललो. खांबाचं राहिलं.

२९ मार्च, शनिवार

मामाचा फोन. बांधाकडच्या पाच-सहा झाडांतून चीक येतोय. "उन्हमुये रडी ऱ्हायनं का झाड?" मी म्हणालो, असेल, पाणी वाढवून पाहा.

मामाला वाटतं भाचा केळीच्या मुलखातला, त्याला सगळं माहीत. माहीत होतं. तरी पाणी सांगितलं.

दहावीनंतर शाळा सुटली, पण खोटं लिहायचं नाही एवढं पाळतो. बोलताना पाळलं नाही.

१३ एप्रिल

शेडवर सगळे म्हणतात, यंदा लवकर तापलं. दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. मला बरं वाटलं. धुळं तर आणखी कोरडं. तिथे कधी केळी नव्हती म्हणजे हा किडाही नव्हता, तो तिथे टिकेल कशाला? मे महिन्यात जमीन भाजून निघते, तण मरतं, विंचू मरतात. हा पण मरेल. मग सांगायची गरज उरणार नाही.

२० एप्रिल, रविवार

सुट्टी. खात्री करून घ्यायची ठरवली. पिकवणीच्या खोलीतला थर्मामीटर मागून आणला.

नानांच्या तोडलेल्या खोडांतले सहा सोंड्ये काचेच्या बाटलीत, तोंडाला जाळी, शेडच्या पत्र्यावर. स. ११ ला ठेवले. दु. १२.३० ला सगळे मेलेले. सोंग नाही, पाण्यात टाकून पाहिले, तासाभराने पण हलले नाहीत.

इतका आनंद झाला की दोन प्लेट भजी खाल्ली.

मग वाटलं, तो बाटलीत राहत नाही. हातभर खोडाचा तुकडा घेतला, त्यात दुसरे सहा सोडले, टोकं केळीच्या सालीने बांधली आणि त्याच पत्र्यावर ठेवला.

२१ एप्रिल

दु. ३ ला पत्र्यावरची हवा ४७. खोडात भोक पाडून थर्मामीटर घातला, ३२. वरून साल करपून कागदासारखी झाली होती, आत हात घातला तर माठात घातल्यासारखं. सहाच्या सहा जिवंत. एकदम मधल्या पापुद्र्यात, एकमेकांना चिकटून, काही न खाता नुसते बसलेले. ऊन उतरल्यावर पुन्हा पाहिलं तर चालायला लागले होते.

त्यांनी काही विशेष केलं नाही. ओल सोडली नाही, आणि वाट पाहिली.

मी पण वाटच पाहत होतो. दोन महिने.

१० मे, शनिवार

मामाचा फोन. आवाज बारीक. वारं नव्हतं तरी घडासकट अकरा झाडं मोडली. "आडी पडनी रे. मधोमध तुटीसन." सुट्टी टाकली. उद्या सकाळची धुळ्याची बस.

११ मे, रविवार

पोचलो दु. १२ ला. मोडलेली झाडं अठरा. घड अजून भरलेले नाहीत, विकता येणार नाहीत, गुरांना घातले. मामी त्यातले दोन बाजूला ठेवून रडली. मामा मला म्हणाला, "बरं झाय, तू उना."

मामाने बोलावलं म्हणून कृषी सहायक मॅडम रविवारी पण आल्या. एक खोड चिरून दाखवलं. सोंड्या किडा. म्हणाल्या, या भागात पहिल्यांदाच पाहते. तुमची रोपं टिश्यूची, स्वच्छ. हा स्वतः उडून इतक्या लांब येत नाही. बाहेरून केळीचे कंद, खोड, असं काही आणलं होतं का?

मामा लगेच म्हणाला, "नही मॅडम. बाहेरनं काहीच नही आनं."

मी पाण्याची कॅन धरून उभा होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित.

मामाने विचारलं, उन्हात मरणार नाही का? त्या म्हणाल्या, "खोडाचे बारीक तुकडे करून पसरले तर ऊन कामाचं. अख्खं खोड पडू दिलं तर ते त्याचं घर. आणि तुम्ही ठिबक लावून बाग गार ठेवलीये, दादा. माणसाला गार ते त्याला पण गार."

१२ मे, सोमवार

स. ५.३० पासून मामा आणि मी. मोडलेल्या झाडांचे तुकडे करून उन्हात पसरले. हातभर खोड उभं चिरून, चिरलेली बाजू जमिनीकडे करून बागेत तीस ठिकाणी सापळा म्हणून ठेवलं. वासाला किडे खाली जमतात, रोज उचलून वेचायचे, रॉकेलच्या डब्यात टाकायचे. मामा म्हणाला, "मांडव टाकना त्येस्नाकरता. जेवाले बलाव." मला हसता आलं नाही.

बांधावर गेलो. खांब होते तसेच. वरून काळे, वाळलेले. पहार घालून उलटले. खाली ओल. दोनांत किडे भरपूर, चांगल्या दोनांत पण आता शिरलेले.

मामा मागे उभा होता, किड्यांकडे बघत. म्हणाला, "आठे कशा उनात या?"

मी म्हणालो, "मामा, हा किडा मी आणला."

"काय बोलस?"

"दोन खांबांना भोकं होती. मी पाहिली होती. चीक पुसून आणले."

मामाने टोपी काढली, पुन्हा घातली. "देखीसन लई उना?"

"हो."

"आनि माले पानी वाढाव सांगं."

"हो."

मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मामाने माझ्या हातातून पहार घेतली आणि खांब फोडायला लागला. चारही. दीड तास. मी तुकडे पसरत होतो. शेवटी एवढंच म्हणाला, "तुनी मामीले सांगू नको."

१३ मे

सापळ्यांत १४२ किडे.

१४ मे

९७. मामा माझ्याशी कामापुरतं बोलतो. कोयता दे. तिकडचं बघ.

१६ मे

६१. परत निघालो. बसस्टँडवर मामा सोडायला आला. मामीला का सांगायचं नाही ते तिथे म्हणाला. मांडवाच्या खांबांतून कीड निघाली हे गावात कळलं, तर कोणी किड्याचं नाव घेणार नाही, सुनीच्या पायगुणाचं घेतील. तिच्या सासूपर्यंत जाईल. "बागनं काय, परत लाऊ. पोरनं नाव परत नही येत."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त माझ्या चुकीचा विचार करत होतो.

१ जून, रविवार

पुन्हा धुळे. मोडलेली झाडं आता एकूण ६४. सापळ्यांत आज २३. कमी होताहेत, पण संपत नाहीत. बरीच झाडं बाहेरून धडधाकट आहेत. आत काय आहे ते घड वजनाला आला की कळेल.

जगन आप्पा बांधावर आले. तेही केळी लावणार, आठशे रोपं सांगून ठेवली. मधे फक्त नाला. मामाला म्हणाले, "तुनं देखीसन हिंमत उनी." झाडं कशी मोडली विचारलं. मामा म्हणाला, "उन्हमुये."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. केळीच्या मुलखातला भाचा. मी मान हलवली.

५ जून, गुरुवार. सा. ६.४५

मामाला फोन केला. सुनीचं नाव, खांबांचं नाव घेणार नाही, फक्त किडा आहे एवढं आप्पांना सांगू द्या, एक वर्ष थांबू देत. मामा म्हणाला, "किडा कोठेन उना, हाई पहिले इचारतीन. काय सांगशी?"

मी म्हणालो, यावलहून माझ्या डब्यातून आला म्हणेन. माझ्या कपड्यांतून. काहीही.

"तुले खोटं बोलता येत नही," मामा म्हणाला. मग फोन ठेवला. रागाने नाही.

आप्पांचा नंबर लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रकांत आहे. समोर ठेवली आहे.

आजपर्यंतचा हिशोब:

बसभाडे, दोन फेऱ्या: ६८० रु.
रॉकेल, कोयता, हातमोजे: ५४५
बुडलेली मजुरी, ७ दिवस: ३,१५०
एकूण खर्च: ४,३७५ रु.

देणे, मामा: ६४ झाडं. घडाचा भाव काय धरायचा ते विचारायची हिंमत नाही.
देणे, जगन आप्पा: अजून काही नाही. रोपं सोमवारी येतात.