म्होरली गाडी कुणाची?

कराड, रविवार. फेब्रुवारी १९४६

लष्कराच्या लिलावातून घेतलेली लॉरी आज तयार झाली. मागे झोपायला फळी, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. हिमालयाच्या पायथ्यापर्यंत एकट्यानं जायचं, लॉरीतच राहायचं. ठरलंय माझं. मग चैन का पडत नाही?

अण्णांमुळे. माझ्या बापानं जन्मभर कुंभार्ली घाटातून बैलगाडीनं गूळ चिपळूणला नेला. सकाळी नकाशा दाखवला, तर एवढंच विचारलं, "म्होरली गाडी कुणाची?"

घाटात गाडीमागं गाडी लागते. वाट फक्त पुढच्याला माहीत असली तरी भागतं. मागचे बैल आपसूक चालतात. मी हसलो. "अण्णा, लढाईत आसामात लॉरी चालवलीय मी!"

पण तिथं तरी काय केलं? पुढच्या लॉरीचा तांबडा दिवा बघत राहिलो. वाट मी ठरवली कधी? म्होरली गाडी कुणाची!

संध्याकाळी बघतो तर अण्णा त्यांच्या बैलगाडीचा कंदील लॉरीच्या मागं बांधतायत.

"आवं, हिला दिवा हाय की!"

"असू दे. म्होरं कोन न्हाई, तर मागनं येनाऱ्याला तरी दिसाय पायजे."

मागून कोण येणार आहे?

जाऊ नको म्हणाले असते, तर भांडून तरी निघालो असतो.