झडपेतले हेडमास्तर

सर, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात इंटरनेट आलं नव्हतं, त्यामुळे माझी नोकरी तुम्हाला समजावणं जरा अवघड आहे. इथे अमेरिकेत, एडिसन गावाजवळच्या एका कॉलेजात मी घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकायचे कोर्स तयार करते. यंदा मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या कोर्सची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. नाव नोंदवणारे पुष्कळ, पण पहिल्या धड्यापर्यंत पोचणारे थोडेच. असंच चाललं तर कोर्स बंद होणार होता. मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. डीनबाईंना पहिल्या पानावर हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो हवे होते, ऑफिसला पार्किंगचे नियम, स्पोर्ट्सवाल्यांना फुटबॉलचं वेळापत्रक. मी सगळ्यांना सगळं दिलं. पान देखणं झालं.

मग ते वापरून बघायला शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या लेकाकडे कायमच्या राहायला आल्यात. नात फक्त इंग्रजी बोलते आणि तिच्याशी धड भांडताही येत नाही, हे त्यांचं दुःख. काकूंनी फोटोतल्या मुलीवर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. "एवढी हसतेय, तर हिलाच विचारते," म्हणाल्या. शेवटी त्या पार्किंगच्या नियमांवर पोचल्या आणि तोच पहिला धडा समजून मन लावून वाचू लागल्या. मी उठून चहा ठेवला.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी काढलेली हृदयाची रंगीत आकृती तुम्ही हातात धरलीय, मी शाबासकीची वाट बघतेय, आणि तुम्ही विचारता, "चित्र छान आहे. रक्त जाणार कुठून?" मग तुम्ही बाकं सरकवून हृदयाचे कप्पे करता, व्हरांड्याला फुप्फुसं ठरवता आणि अख्ख्या वर्गाला रक्त करून फिरवता. गोंगाट ऐकून हेडमास्तर दारात येतात आणि आम्ही सगळे त्यांच्यापाशी तुंबतो. तुम्ही अगदी नम्रपणे म्हणता, "साहेब, जरा बाजूला व्हा. तुम्ही झडपेत उभे आहात." आणि हेडमास्तर झाले की बाजूला!

पुढच्या मीटिंगला मी लॅपटॉप उघडलाच नाही. खुर्च्या सरकवल्या, एकेकाला वेबसाइटचं एकेक पान केलं आणि डीनबाईंना म्हटलं, आज तुम्ही नवीन विद्यार्थी, पहिला धडा शोधा. फोटोंनी त्यांना नियमांकडे पाठवलं, नियमांनी फुटबॉलकडे, फुटबॉलने परत फोटोंकडे. दुसऱ्या फेरीला त्या दमून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पण धडा आहे कुठे?" पहिला धडा बनलेले कॉलेजचे ग्रंथपाल केव्हाचे कोपऱ्यात उभे होते. त्यांच्याकडे कुणी पाठवलंच नव्हतं.

त्याच दुपारी पहिलं पान रिकामं झालं. आता तिथे एकच मोठं बटण आहे, पहिल्या धड्याचं. लोक पोचतायत, कोर्स चालू राहिला. काकू तर पार पुढे गेल्यात. परवा त्यांनी नातीला दारातले बूट उचलण्यावरून इंग्रजीत खडसावलं, तेव्हा तिने आईकडे तक्रार केली की आजी हल्ली फार उद्धट झालीय. काकूंनी हे मला मुद्दाम घरी येऊन सांगितलं, सुनेला सोबत आणून, अभिमानाने.

हे पत्र टाकणार कुठे, सर? कॉम्प्युटरमध्येच पडून राहील. तुम्हाला म्हणून सांगते, हा कोर्स मी स्वतः अजून पुरा केलेला नाही. तिसऱ्या धड्यात मला झोप लागते.