मेहेरचे डॉलर

दुबई,
फेब्रुवारी १९६४

प्रिय हमीदा,

सलाम. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उशिरा लिहितेय म्हणून रुसू नकोस. धाकट्याला दात येताहेत आणि तो रात्रभर तुला जागवतो असं लिहिलं होतंस. वाचून हसू आलं, आणि मग उगाचच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इथे सध्या थंडी आहे. खाडीवरचा वारा खजुरीच्या झापांच्या भिंतींतून आत येतो आणि सकाळी हंड्यातल्या पाण्यात बोट घालवत नाही. शेजारची गुजराती बाई तिच्या मुलाकडे बहारीनला गेली, तेव्हापासून आपल्या बोलीत तर सोडच, हिंदीतसुद्धा बोलायला कुणी उरलं नाही. मग मी कालवणाशी बोलते. मीठ कमी पडलं गं तुला, असं म्हणते आणि टाकते.

तू विचारलं होतंस, आपा, तू दिवसभर करतेस काय? खरं सांगायचं तर मी आता पारखी झालेय. हसू नकोस. इथल्या बायकांच्या गळ्यात चांदीचे मोठे डॉलर असतात. त्यांना रियाल फ्रांसी म्हणतात, पण नाण्यावर फ्रान्सचं काही नाही. कुठल्याशा दूरच्या मुलखाच्या राणीचा मुखडा आहे, चांगली भरल्या अंगाची, डोक्यावर ओढणी घेतलेली. राणीला जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली, तरी तिचे डॉलर अजून पाडतात आणि सगळ्यांवर साल एकच, १७८०. लढाईच्या दिवसांत आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले होते म्हणे. नड आली की बायका ते मोडायला काढतात, पण बाजारात परक्या पुरुषासमोर गळ्यातलं उतरवायचं कसं? ह्यांनी मला शिकवलं, तेव्हापासून त्या माझ्याकडे येतात. आता मोहिद्दीनशेठची बायको असं कुणी म्हणत नाही. रियाल बघणारी हिंदी बाई, एवढीच माझी ओळख.

शिकायला कठीण नाही. राणीच्या खांद्यावर मण्यांची पिन आहे. खऱ्या नाण्यात तिचा एकेक मणी नखाला वेगळा लागतो, साच्यात ओतलेल्या खोट्यात ते सगळे पिठाच्या गोळ्यासारखे एकमेकांत बसलेले असतात. कडेवर अक्षरं उठलेली हवीत. वजन अडीच तोळ्यांना जरासं कमी. काचेवर सोडलं की आवाज लांबत गेला पाहिजे. शिसं असेल तर थप्प म्हणून बसतो. भोक पाडून कडी लावलेल्याला नुसती चांदीची किंमत येते, आणि हे सांगितलं की बाईचं तोंड उतरतं, कारण ते भोक तिच्या लग्नात पाडलेलं असतं. पहिल्या वर्षी हे आणि मी कंदिलाजवळ बसून नाणी निवडायचो. ते माझे डोळे बांधायचे आणि नुसत्या आवाजावरून ओळख म्हणायचे. मी चुकले की इतके हसायचे, की शेजारी भिंतीवर थापटायचे. तो काळ चांगला होता, हमीदा. मूल नव्हतं, पण तेव्हा त्याची आठवण कुणी रोज काढत नव्हतं.

गेली दोन वर्षं ह्यांचा व्यापार खोर फक्कानला वाढलाय. इथून कापड न्यायचं, तिथून सुकी मासळी आणायची. डोंगरातून जीप जाते, हाडं खिळखिळी होतात. त्यामुळे गेले की पंधरा पंधरा दिवस तिकडेच. थंडीच्या सुरुवातीला आले तेव्हा सोबत नाण्यांची पिशवी होती. म्हणाले, जहांआरा, ह्यातली चांगली चांगली काढून दे, एकाच्या नवरीच्या मेहेरला द्यायचीत. मी विचारलं, कुणाच्या? म्हणाले, आहे तिथला एक व्यापारी. मला कामात बरं वाटलं. लग्नाची नाणी म्हणून झिजलेली बाजूला केली, भोकाची केली, आणि उरलेली मऊ फडक्याने पुसली. बांधायला काही मिळेना, म्हणून तू पाठवलेल्या हिरव्या फुलांच्या छिटाचा उरलेला तुकडा घेतला. हे गाठ बांधताना माझ्याकडे बघत नव्हते. ते मला आता आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एका दुपारी खोर फक्कानची एक बलुची बाई आली, बरोबर तिची मुलगी. मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला दुबईला आल्या होत्या. आई विधवा, हिंदुस्तानी मोडकं पण समजण्यासारखं बोलणारी. मुलगी सतरा-अठराची असेल, सारखी माझ्या शिवणाच्या मशीनच्या चाकाकडे बघत होती. मी म्हटलं, फिरव. तिने फिरवलं आणि लाजली. आईने ओढणीखालून गाठोडं काढलं आणि म्हणाली, बहीण, मुलीचं मेहेर आहे, खरं की खोटं तेवढं सांग. हिरव्या फुलांचं छीट होतं.

मला वाटलं, तो व्यापारी ह्याच मुलीशी लग्न करणार असेल, ज्याच्यासाठी ह्यांनी नाणी नेली. मी खुशीत विचारलं, नवरा कोण? ती म्हणाली, तुमच्याच मुलखाचा आहे, मोहिद्दीन हिंदी, कापडवाला. माणूस नरम आहे. मी सवतीवर मुलगी देणार नव्हते, मी स्वतः सवतीत दिवस काढलेत. पण त्या बिचाऱ्याची बायको वारली, मागच्या पावसाळ्यात, हिंदमध्ये.

हमीदा, माझ्या हातात तराजू होता. मी तो खाली ठेवला नाही. एकेक नाणं घेतलं, वजन केलं, काचेवर सोडलं, पिनेचे मणी नखाने बघितले. मीच निवडलेली नाणी मी पुन्हा पहिल्यापासून तपासली, कारण ती संपली की मला बोलावं लागणार होतं. मुलगी प्रत्येक आवाजाला मान डोलवत होती. शेवटी मी म्हटलं, सगळी खरी आहेत. आईने अल्लाचे आभार मानले आणि गाठोडं आवळायला घेतलं. तिथेच गप्प बसले असते तर झालं असतं. पण ती पोर पुन्हा मशीनचं चाक फिरवत होती आणि माझ्या मनात आलं, ही माझ्या जागी येईल आणि हिला कळणारसुद्धा नाही की ती जागा रिकामी नव्हती. मी म्हटलं, बहीण, नाणी खरी आहेत, पण त्याची बायको वारलेली नाही. ती म्हणाली, तुला काय माहीत? मी म्हटलं, मीच आहे ती.

तिने बुरखा वर केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, मला खोटी म्हणेल. तिने भिंतीवरचा ह्यांचा कोट बघितला, खुंटीला टांगलेला. मग म्हणाली, तुला नांदवत नाही का? मी म्हटलं, नांदवतो. मारतो? नाही. मग मेली का म्हणाला? मुलीला हिंदुस्तानी कळत नव्हती, ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आईने तिला काहीतरी सांगितलं आणि पोर रडायला लागली. गाठोडं माझ्यासमोर ढकलून आई म्हणाली, हे तुझं. मी म्हटलं, माझं नाही, ज्याने दिलं त्यालाच परत कर. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता गं. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा रडले.

तिने लग्न मोडलं. हे गेल्या शुक्रवारी आले. ताट वाढलं, हात धुतले, पण घास घेतला नाही. म्हणाले, तू सांगायला नको होतंस. मी म्हटलं, तुम्ही मला विचारायला हवं होतं. म्हणाले, विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? मी म्हटलं, रडले असते, भांडले असते, आणि कदाचित हो म्हटलं असतं. मुलासाठीच ना? त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मग मला मारलंत कशाला? दुसरी आणायची होती तर मी बाजूला सरकले असते, बाजूच्या खोलीत राहिले असते. ते म्हणाले, एकदा तोंडातून गेलं, मग दर वेळी तेच सांगावं लागलं. आणि हमीदा, ते रडले. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करणार होते? परवा ते पुन्हा तिकडे गेले, उधारी गोळा करून तिथलं दुकान बंद करतो म्हणाले. करतीलही. मी थांबा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. बायका अजून येतात, मी नाणी बघते. उन्हाळ्याआधी बोटीने तुमच्याकडे यायचा विचार आहे, पुढचं तिथे बसून ठरवीन.

हे सगळं मी तुला कधीच लिहिलं नसतं. पण जाताना दारात थांबून ह्यांनी एक गोष्ट सांगितली. आपल्या बाणकोटचा लियाकत तिकडे लाँचवर होता. खोर फक्कानमध्ये त्याच्याही कानावर गेलं की मोहिद्दीनची बायको वारली. त्याने येऊन ह्यांचे हात धरले, दुवा केली, आणि ह्यांना खरं सांगायचं धैर्य झालं नाही. तो लियाकत ह्या आठवड्याच्या बोटीने गावी निघालाय. मी तार करणार होते, पण तार आली म्हणजे मैयत असंच अम्मी समजते, ती वाचायच्या आधीच कोसळेल. म्हणून हे पत्र विमानाच्या टपालाने पाठवतेय. बोट मस्कत, कराची करत जाते, तेव्हा हे आधी पोचेल, इन्शाल्ला. पोचलं तर अम्मीला काही सांगू नकोस. लियाकत दारात आला की त्याला अम्मीजवळ जाऊ देऊ नकोस. ओटीवरच बसव, चहा दे, आणि तो तोंड उघडायच्या आत म्हण की कालच आपाचं पत्र आलं. त्याच्यावर रागावू नकोस, त्याचा काही दोष नाही. आणि तो आधी पोचला असेल, घरात माझ्या नावाची फातिहा झाली असेल, तर बाकीचं सगळं राहू दे. अम्मीच्या कानाशी बसून एवढंच मोठ्याने वाच: अम्मी, मी आहे. मी जेवते, कामं करते, थंडी वाजते तेव्हा तुझी गोधडी घेते. मी आहे.

तुझीच आपा,
जहांआरा